झाडावरचं बिऱ्हाड

नमस्कार श्रोतेहो. पावसाळ्यात एखाद्या संध्याकाळी हमखास फोन येतो, "आज आमच्याकडे ब्रह्मकमळ उमलतंय, जेवणं उरकून या सगळे." मग दहाच्या सुमाराला दारात चपलांचा ढीग, गॅलरीत गर्दी, काकूंच्या हातात हळदीकुंकवाचं तबक, आणि कुणीतरी "लाईट बंद करा, लाईट बंद करा" म्हणत असतं. हे तुम्हाला मी सांगायला नको. हिमालयातलं ब्रह्मकमळ वेगळं, ते सूर्यफुलाच्या कुळातलं, उत्तराखंडचं राज्यफूल. आपण बोलणार आहोत ते गॅलरीतल्याबद्दल. शास्त्रीय नाव एपिफायलम ऑक्सिपेटॅलम. आणि पहिली गोष्ट कानात साठवा : हा निवडुंग आहे. निवडुंगच, पण झाडावर राहणारा.

निवडुंग म्हटलं की आपल्याला बांधावरचा फड्या निवडुंग आठवतो. तोही मुळात अमेरिकेतूनच आलेला. पण एपिफायलमचा संसार निराळा. दक्षिण मेक्सिको, ग्वाटेमाला, होंडुरास या भागातली दमट जंगलं, डोंगरावर ढग उतरून बसतात तसली. आषाढात ब्रह्मगिरी दिवसदिवस दिसत नाही, त्र्यंबकला दोरीवरचा कपडा आठवडाभर वाळत नाही, तशी हवा समजा. तिथे मोठ्या झाडांच्या बेचक्यात कुजलेला पाला साठतो, शेवाळ धरतं, आणि त्यात हा मुळं रोवतो. झाडाचा रस पीत नाही. आपल्या आंब्यावरचं बांडगूळ पितं, हा नाही. हा नुसता भाडेकरू. बिऱ्हाड करून राहतो, पाणी आपलं आपण पावसाचं नि धुक्याचं भरतो.

आता आमच्या गल्लीतल्या अण्णांची गोष्ट सांगतो, म्हणजे निम्मं भाषण आपोआप होईल.

अण्णा प्रेसमध्ये होते. नाशिककरांना 'प्रेस' म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. जन्मभर नोटांच्या कागदाशी संबंध, त्यामुळे माणूस काटेकोर. सकाळी सातला फिरणं, साडेसातला चहा, आठला झाडांना पाणी. त्यांच्या बहिणीने सिन्नरहून ब्रह्मकमळाचं एक पान आणून दिलं होतं. अण्णांनी मोठी कुंडी आणली, शेतातली छान काळीभोर माती भरली, आणि रोज, पाऊस असो नसो, मापून एक तांब्या पाणी. वरून दुपारचं ऊन मिळावं म्हणून कुंडी गच्चीच्या कठड्यावर. निवडुंगच ना, मग ऊन पाहिजे, असा त्यांचा हिशोब. पानं पिवळी पडली. अण्णांनी खत वाढवलं. पानं आणखी पिवळी. पाच-सहा पावसाळे गेले, कळीचा पत्ता नाही. समोरच्या घरी त्याच सिन्नरच्या पानाची रोपं दर वर्षी फुलायची आणि माईंना, म्हणजे अण्णांच्या सौभाग्यवतींना, दर वर्षी तिकडे कौतुक करायला जावं लागायचं. हे दुःख ज्याचं त्यालाच कळतं.

शेवटी एका जूनमध्ये माई म्हणाल्या, "ही कुंडी मला तुळशीला द्या." अण्णांनी रोप उपटलं. मुळं काळी, लिबलिबीत, वास मारणारी. रागारागाने त्यांनी वरच्या दोन-चार फांद्या मोडल्या आणि कंपाउंडवरून भिरकावल्या. पलीकडे भाऊसाहेबांचं आंब्याचं झाड. फांद्या खाली पडल्याच नाहीत, बेचक्यात अडकल्या. त्या बेचक्यात वर्षानुवर्षांचा पाला कुजलेला.

जाता जाता सांगतो, त्या आंब्याच्या बुंध्याभोवती भाऊसाहेबांनी पेव्हर ब्लॉक लावू दिले नाहीत म्हणून ते झाड टिकलंय. झाडाला गळ्यापर्यंत सिमेंट करायची ही कुणाची टूम आहे मला माहीत नाही, पण हल्ली प्रत्येक कॉलनीत तेच. असो.

तिसऱ्या वर्षीचा श्रावण. रात्री साडेअकराला भाऊसाहेबांचा थोरला सातपूरहून सेकंड शिफ्ट करून आला. गाडी स्टँडला लावली आणि तसाच उभा राहिला. वास. आईने उदबत्ती लावली असेल म्हणावं, तर घरात अंधार. त्याने मोबाईलचा टॉर्च वर मारला आणि ओरडलाच. आंब्यावर सात ब्रह्मकमळं! लांब तांबूस देठ खाली लोंबून पुन्हा वर वळलेले, आणि त्यांच्या टोकाला वीतभर रुंदीची पांढरीशुभ्र फुलं, आत केसरांचा झुबका.

पाच मिनिटांत गल्ली जमा. मीही बनियनवरच धावलो. आणि मग सुरू झाला मालकीचा वाद. अण्णा म्हणाले, "रोप माझं." भाऊसाहेब म्हणाले, "झाड माझं." गल्लीत एक वकील असतोच, तो म्हणाला, "फेकलेल्या वस्तूवर हक्क सांगता येत नाही." अण्णा तापले, "फेकलं नव्हतं, पडलं होतं!" भाऊसाहेबांचा नातू मध्येच विचारतो, "आजोबा, हे आंब्याचं रक्त पितंय का?" कुणी त्याच्याकडे बघेना. शेवटी माई शिडी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "भांडण उद्या सकाळी करा. फुलं सकाळपर्यंत थांबणार नाहीत." त्यांनी शिडीवर चढून हळदकुंकू वाहिलं, सगळ्यांना साखर-खोबरं दिलं, आणि गल्ली दीडला झोपली. पहाटे फुलं माना टाकून लोंबत होती. अण्णा मात्र चहा पिताना एकच वाक्य घोकत होते, "मी एवढं खाऊ घातलं तेव्हा नाही, आणि उकिरड्यात बसून लेकाचं फुललं!"

श्रोतेहो, उकिरडा नव्हता तो. ते त्याचं घर होतं. मुळांना हवा, पाणी येतं आणि निथळून जातं, वर आंब्याची सावली. काळ्या मातीत पाणी साचतं, मुळं गुदमरतात, कुजतात. पुन्हा सांगतो : मुळांना हवा, पाण्याला वाट, डोक्यावर सावली.

ज्याला आपण पान म्हणतो ते पान नसून चपटं खोड आहे. सावलीत मिळेल तेवढा उजेड टिपायला ते रुंद झालेलं. म्हणून तर त्याच्या कडेच्या खाचेतून कळी फुटते. फूल रात्री का? तर त्याच्या देशात लांब सोंडेचे मोठे पतंग, हॉकमॉथ म्हणतात ते, रात्री येतात. पांढरा रंग आणि वास त्यांच्यासाठी. आपल्याकडे फळ सहसा धरत नाही, कारण त्याला स्वतःचे पराग चालत नाहीत आणि आपली सगळी रोपं एकमेकांना पानं देऊनच वाढलेली.

सिमेंटच्या खांबांवर लावलेल्या ड्रॅगनफ्रूटच्या बागा तुम्ही पाहिल्या असतील. ते याचंच भावंड, तेही रात्रीच फुलतं. फळ दिसायला झकास, चवीला मला अजून पटलेलं नाही. आपली द्राक्षं बरी. आणि हो, ब्रह्मकमळ फुलताना इच्छा मागा आणि हा मेसेज अकरा जणांना पाठवा, असं मला कृपा करून पाठवू नका.

लावायचं असेल तर खाचा असलेला वीतभर तुकडा घ्या, चार-पाच दिवस सावलीत ठेवून कापलेली बाजू सुकू द्या. कुंडी लहानच. पालापाचोळ्याचं खत, विटांचे तुकडे, थोडा लाकडी कोळसा. काळी माती नको. सकाळचं कोवळं ऊन चालेल, एप्रिलमधलं दुपारचं नको. थंडीत पाणी कमी. वरचा थर सुकला की मगच पाणी. आणि कळी दिसली की पाहुण्यांना दाखवायला कुंडी इकडेतिकडे फिरवू नका, कळ्या गळतात. अंगणात आंबा असेल तर एक फांदी बेचक्यात पाल्यासकट सुतळीने बांधून बघा, मात्र आंबा शेजाऱ्याचा असेल तर आधी विचारून घ्या.

पुढच्या वेळी बोलू कढीपत्त्याबद्दल, तो नेमका आपल्याच दारात का रुसतो. नमस्कार.