जमीन एकाची, माड दुसऱ्याचा

(दृश्य: उजाडताना. माडाच्या खोडात कोरलेल्या खाचांवरून वर सरकणारी अनवाणी पावलं. कमरेला कोयता, मागे लटकणारे डबे.)

इंडोनेशियाच्या मध्य जावा प्रांतात स्लामेत नावाचा ज्वालामुखी आहे, उंची 3,428 मीटर. त्याच्या दक्षिण उतारावर बान्यूमास जिल्हा आणि त्यात चिलोंगोक तालुका. माड आणि भात ही इथली दोन मुख्य पिकं. आत्ता वर चढतोय तो पेन्देरेस, म्हणजे माडाची नीरा काढणारा. गोव्यात त्याला रेंदेर म्हणाले असते. फरक इतकाच, की इथे नीरेची दारू होत नाही, गूळ होतो.

ज्या माडावर तो चढलाय तो त्याचा नाही. माड ज्या परसात उभा आहे, ते परसही त्याचं नाही. परसातलं लाकडी घर तिसऱ्याच कुणाचं असू शकतं. जावाच्या रूढीत जमीन वेगळी आणि जमिनीवर उभं असलेलं वेगळं. 24 सप्टेंबर 1960 रोजी इंडोनेशियाचा मूळ जमीन कायदा आला, तो याच रूढीच्या पायावर. त्यामुळे इथे ‘हे कुणाचं?’ विचारण्याआधी नेमकं कशाबद्दल विचारतोय ते सांगावं लागतं: मातीबद्दल, झाडाबद्दल, घराबद्दल की उभ्या पिकाबद्दल.

झाडापासूनच सुरुवात करू, कारण गावात रोजचा पैसा तिथून येतो.

(दृश्य: बांधलेली पोय, टोकाला फिरणारा कोयता, खाली टपटपणारी नीरा. जवळून.)

पोय, म्हणजे माडाचा फुलोरा, उमलायच्या आत तिला बांधतात आणि काही दिवस रोज थोडी थोडी वाकवत खाली आणतात. घाई केली की ती मोडते आणि त्या पोयीचं महिन्याभराचं उत्पन्न गेलं. नीट वाकली की टोक छाटून खाली डबा अडकवायचा. पूर्वी बांबूचं नळकांडं असायचं, त्याला पोंगकोर म्हणतात. आता प्लास्टिकचे डबे सर्रास दिसतात. दर खेपेला टोकाचा एक-दोन मिलिमीटरचा पातळ काप काढायचा. जाड काढला तर पोय लवकर संपते. काढलाच नाही तर जखम सुकते आणि झिरपणं थांबतं. म्हणून दिवसातून दोन चढण्या: सकाळी एक, दुपार कलल्यावर एक. वीस-पंचवीस माड सांभाळणारा माणूस दिवसाला चाळीस-पन्नास वेळा चढतो आणि उतरतो. पावसालाही सुट्टी नाही, उलट पावसातच जास्त जपावं लागतं: खोड निसरडं होतं आणि डब्यात पाणी शिरलं तर नीरा पातळ होते.

रिकामा डबा वर नेताना त्यात लारू घालतात. लारू म्हणजे चुन्याचं पाणी आणि त्यात मँगोस्टीनची साल किंवा फणसाच्या लाकडाचे तुकडे. ते नसेल तर नीरा डब्यातच आंबायला लागते. आंबलेली नीरा कितीही आटवा, गूळ धरत नाही, मऊ आणि चिकट राहतो. अशा मालाला इथे गेम्ब्लुंग म्हणतात आणि त्याला भाव मिळत नाही. चुना जास्त पडला तर गूळ धरतो खरा, पण काळपट आणि कडवट. प्रमाण हाताच्या अंदाजानं ठरतं आणि तो अंदाज ऋतूप्रमाणे बदलतो.

(दृश्य: स्वयंपाकघर. मातीची चूल, उकळती काहील, काळवंडलेले वासे.)

चुलीपुढचं काम बहुतेक घरांत बाईचं. नीरा गाळून काहिलीत ओतली की चार-पाच तास जाळ चालू. फेस उतू जायला लागला की चिमूटभर किसलेलं खोबरं किंवा तेलाचा थेंब टाकतात, फेस बसतो. पाक झाला का हे बघायला थेंब गार पाण्यात सोडायचा. गोळी धरली की काहील उतरवायची. सात-आठ लिटर नीरेतून एक किलोच्या आसपास गूळ निघतो. तो नारळाच्या करवंटीत किंवा बांबूच्या कड्यांत ओतला की ढेपा तयार. दाणेदार साखर करायची तर काहील उतरवल्यावर पाक घोटत राहायचं, रवा पडेपर्यंत, मग चाळून वाळवायचं. या साखरेला गुला सेमुत म्हणतात, मुंग्यांची साखर, आणि ती परदेशी जाते. सेंद्रिय म्हणून विकायची असेल तर कुठला पेन्देरेस कुठले माड काढतो याची यादी ठेवावी लागते. झाडावरचा हक्क कागदावर येतो तो बहुधा याच एका ठिकाणी, आणि तोही गिऱ्हाइकाच्या आग्रहामुळे.

सरपण आणि बाईचे चार-पाच तास हिशेबात धरले तर या धंद्यात किती उरतं हा अवघड प्रश्न आहे. ते धरायची पद्धत नाही, म्हणून धंदा चालतो.

माड दुसऱ्याचा असेल तर बोली बहुधा मारोची, म्हणजे निम्म्याची. कुणी गूळ वाटून घेतं, कुणी दिवस वाटून घेतं: ठरलेल्या दिवसांची नीरा मालकाची, तेवढ्याच दिवसांची चढणाऱ्याची. दिवस वाटण्यात मोजमापाची कटकट नाही. पण पावसाची झड ज्याच्या पाळीत आली, तो बुडाला. त्यात व्यापाऱ्याची उचल असतेच. एकदा आगाऊ रक्कम घेतली की गूळ त्याच्याच दारात घालायचा, तो लावेल त्या भावानं.

आणि पडणं. उंच माडावरून पडून पेन्देरेस मरतात, कायमचे अधू होतात, दरवर्षी. शेजारच्या केबुमेन जिल्ह्यातली गेंजाह एन्तोग ही ठेंगणी जात लावली तर जमिनीवर किंवा छोट्या शिडीवर उभं राहून नीरा काढता येते. मग सगळे तीच का लावत नाहीत? कारण झाड लावणं आणि तोडणं हा मालकाचा अधिकार. जुन्या माडाचं खोड, ग्लुगू, वाशांसाठी विकलं जातं आणि एकदम पैसा हातात येतो. चढणाऱ्याचा हक्क फक्त नीरेवर. माड पडला की त्याची बोलीही संपली, आणि नवं झाड त्यालाच मिळेल असं कुणी लिहून दिलेलं नसतं.

(दृश्य: कौलारू लाकडी घर. दगडी उथळ्यावर टेकलेला खांब.)

आता घर. जुनं जावानी घर दगडी उथळ्यांवर उभं राहतं. खांब पुरलेले नसतात, तुळया सांध्यांनी आणि खुंट्यांनी जोडलेल्या असतात. म्हणजेच घर उकलता येतं, विकता येतं, दुसरीकडे नेऊन उभं करता येतं. छोटं असेल तर कौलं उतरवून सगळं गाव सांगाडाच उचलून नेतं. अशा कामाला मजुरी नसते, जेवण असतं. त्याला साम्बातान म्हणतात, आणि आज तुमच्याकडे आलेल्यांच्या घरी उद्या तुम्ही जायचं हे न बोलता ठरलेलं असतं. आईबापांचं घर बऱ्याचदा धाकट्या मुलाकडे किंवा मुलीकडे जातं, कारण शेवटपर्यंत सोबत तेच राहतात. बाकी वाटणीच्या दोन रीती आहेत: मुलाला दोन वाटे नि मुलीला एक, किंवा सगळ्यांना सारखं. लग्नानंतर दोघांनी मिळून कमावलेलं ते गोनो-गिनी, घटस्फोट झाला तर निम्मं-निम्मं. माहेरून किंवा वडिलार्जित आलेलं ज्याचं त्याच्याकडे.

घराभोवतालचं परस, पेकारांगान, हे घरची तिजोरीच: केळी, फणस, कसावा, बांबू, कोंबड्या, दोन शेळ्या. त्या शेळ्याही कधी दुसऱ्याच्या असतात. पाळणारा चारा घालतो आणि करडं वाटून घेतात.

(दृश्य: पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं. पाटाचं दार उघडणारा माणूस.)

भाताची जमीन म्हणजे सावाह. तिचं माप इथे उबिनमध्ये सांगतात. एक उबिन म्हणजे पावणेचार मीटर लांब, तेवढंच रुंद, जवळपास 14 चौरस मीटर. आपल्या एका गुंठ्यात साधारण सात उबिन बसतात. 500 उबिनांचा एक बाहू, म्हणजे पावणेदोन एकर, आणि एवढी जमीन असलेला माणूस इथे मोठा शेतकरी. पाणी असेल तिथे वर्षाला भाताची दोन पिकं आणि तिसरं मका, भुईमूग किंवा सोयाबीन. रोपं अठरा ते एकवीस दिवसांची झाली की लावणी, पुढे पेरणीपासून साधारण 115 दिवसांत कापणी. लावणी सगळ्यांनी एकाच सुमारास करायची असते, आणि पाणी सोडणारा गावचा अधिकारी, उलु-उलु, त्याच हिशेबानं पाटाची दारं उघडतो. एखाद्यानं महिनाभर उशीर केला की आजूबाजूची शेतं कापल्यावर सगळे उंदीर त्याच्या खाचरात येतात. उंदरांसाठी बांधावर विजेची तार सोडायची खोड जावाच्या काही भागांत आहे. स्रागेन जिल्ह्यात त्या तारांनी शेतकऱ्यांचेच जीव घेतले आहेत.

कसणारा आणि मालक वेगळे असतील तर इथेही मारो. कापणाऱ्यांचा भाताचा वाटा आधी बाजूला निघतो, उरलेलं निम्मं-निम्मं. खत आणि बियाणं कुणाचं, हे पेरणीआधी बोलून घ्यावं, वाद नेमका त्यावरून होतो. 1960च्या बटाई कायद्यानुसार करार लेखी हवा, गावप्रमुखापुढे, आणि सावाहसाठी किमान तीन वर्षांचा. प्रत्यक्षात तो तोंडी असतो, हंगामापुरता, आणि मालकाच्या मर्जीवर.

गहाणाचं प्रकरण मात्र नीट समजून घेण्यासारखं आहे. इथे गहाण म्हणजे गादाई: पैसे घ्यायचे, शेत सावकाराच्या हाती द्यायचं, पैसे परत करेपर्यंत पीक त्याचं. मुद्दल फिटत नाही, व्याज पिकातून जातच राहतं, आणि वीस-वीस वर्षं शेत परत येत नाही. म्हणून 1 जानेवारी 1961 पासून लागू झालेल्या कायद्यात कलम 7 घातलं गेलं. सात वर्षं किंवा त्याहून जास्त काळ गहाण राहिलेली शेतजमीन, उभं पीक निघाल्यावर महिन्याभरात, एक पैसाही न घेता परत करायची. सात वर्षांच्या आत सोडवायची असेल तर हिशेब असा: साडेसातातून झालेली वर्षं वजा करा, सातानं भागा, मूळ रकमेनं गुणा. समजा 100 उबिन शेत दोन कोटी इंडोनेशियन रुपियांना गहाण ठेवलं आणि चार वर्षं झाली. साडेसात वजा चार, साडेतीन. सातानं भागलं की निम्मं. एक कोटी रुपिया दिले की शेत मोकळं. हा कायदा आजही आहे. तो वापरायचा तर शेजाऱ्याविरुद्ध, कधी सख्ख्या काकाविरुद्ध उभं राहावं लागतं, म्हणून फारसा वापरला जात नाही.

(दृश्य: ग्रामकार्यालय. कपाटातून काढलेली जीर्ण वही, पिवळी पानं.)

ही वही म्हणजे लेटर सी. नाव, जमिनीचा क्रमांक, प्रत, क्षेत्र, कर, आणि खाली कुणाकडून कुणाकडे गेली याच्या नोंदी. सावाहसाठी एस, कोरड्या जमिनीसाठी डी, पुढे प्रतीचा आकडा. आपल्याकडचा सातबारा आठवेल, आणि दुखणंही तेच आहे: दोन्ही मुळात महसुलाच्या नोंदी. वहीच्या आधारे शेतकऱ्याला मिळणारी कराची चिठ्ठी म्हणजे गिरिक. ती मालकीचा पक्का पुरावा ठरत नाही, असं इंडोनेशियाच्या सर्वोच्च न्यायालयानं 1960 सालीच सांगितलं होतं. तरी गावात पिढ्यानपिढ्या व्यवहार झाले ते गिरिक आणि साध्या पावतीवर, कारण रीतसर खरेदीखत म्हटलं की घेणाऱ्याला पाच टक्क्यांपर्यंत आणि विकणाऱ्याला अडीच टक्के कर.

वहीत गोंधळ कसे होतात? एक कारण अस्सल जावानी आहे. लग्नानंतर पुरुषानं नवं ‘मोठेपणीचं’ नाव घ्यायची जुनी चाल. वहीत एक नाव, ओळखपत्रावर दुसरं. आजोबांच्या नावावरचं क्षेत्र तीन पिढ्या न फोडता तसंच राहिलेलं असतं. कर कमी पडावा म्हणून जुन्या मोजणीत क्षेत्र कमी लावलेलं असतं. शिवाय शेतजमिनीचा मालक त्याच किंवा लगतच्या तालुक्यात राहणारा हवा, असा नियम आहे. गावची पोरं जकार्तात किंवा तैवानात कमावतात आणि शेत भावाच्या नावावर घेतात. पैसे एकाचे, नाव दुसऱ्याचं. भाऊ आहे तोवर ठीक, वहिनी आणि पुतणे आले की खटला.

2017 पासून सरकारनं गावंच्या गावं एकदम मोजून मालकीची प्रमाणपत्रं द्यायला घेतली, त्या मोहिमेला पीटीएसएल म्हणतात. जावा आणि बालीत गावपातळीवरच्या तयारीसाठी दीड लाख रुपियांची मर्यादा ठरवली होती, त्यात हद्दीच्या खुणा, मुद्रांक आणि कागदपत्रं. मोजणीदार येतो त्या दिवशी चारही बाजूंचे शेजारी हजर पाहिजेत आणि खुणा आधीच रोवलेल्या पाहिजेत. हे झालं नाही तर नंबर मागे पडतो. 2021च्या शासकीय नियमानं गिरिकसारख्या जुन्या कागदांना नोंदणीसाठी पाच वर्षांची मुदत दिली, 2 फेब्रुवारी 2026 पर्यंतची. त्यानंतर गिरिक हा पुरावा न राहता नुसता माग काढायचा दुवा उरतो.

गावाची स्वतःचीही जमीन असते. तिच्यातला काही भाग, बेंगकोक, गावप्रमुखाला आणि कारकुनाला पदावर असेपर्यंत कसायला मिळतो. 2024च्या दुरुस्तीनं गावप्रमुखाची मुदत सहावरून आठ वर्षांची झाली, म्हणजे एका निवडणुकीवर आठ वर्षांचं पीक. निवडणुकीत एवढी चुरस का, ते यातून थोडं कळतं.

(दृश्य: प्रमाणपत्राची हिरवी वही, तिच्यातला नकाशा. मग खरेदीखताचा छापील नमुना.)

प्रमाणपत्रात जमिनीचा नकाशा असतो, क्षेत्र असतं, मालकाचं नाव असतं. माड नसतात, नीरेची बोली नसते, घर कुणाचं ते नसतं. खरेदीखताच्या छापील नमुन्यात मात्र एक ओळ असते: ‘या विक्रीत याचाही समावेश आहे’, आणि पुढे रिकामी जागा. परस विकताना तिथे झाडं मोजून लिहावीत, घर जात असेल तर घर लिहावं, नसेल तर जात नाही असं लिहावं. एखादा माड पेन्देरेसकडे लावलेला असेल तर तेही सही करण्याआधी घेणाऱ्याच्या कानावर घालावं, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी तो माणूस नेहमीसारखा डबे घेऊन परसात येणारच आहे.