बॉडी शॉपमधले हात

पडद्यावर उडणाऱ्या या ठिणग्या मोटार कारखान्याच्या बॉडी शॉपमधल्या, म्हणजे गाडीचा सांगाडा जोडणाऱ्या विभागातल्या, स्पॉट वेल्डिंगच्या आहेत. पत्र्याचे दोन थर तांब्याच्या दोन टोकांमध्ये चिमटीत धरले जातात, क्षणभर मोठा विद्युतप्रवाह सोडला जातो आणि तेवढ्या एका ठिपक्यापुरता पत्रा वितळून एकजीव होतो. एका मोटारीच्या सांगाड्यावर असे काही हजार ठिपके असतात. एके काळी जड वेल्डिंग गन दोन्ही हातांनी पेलत कामगार हे ठिपके मारत असत. आज हे काम सुरक्षेसाठी घातलेल्या कुंपणाच्या आत यंत्रमानव करतात; तिथे माणूस नसतो आणि कुंपणाचे दार उघडताच आतले यंत्रमानव थांबतात.

पहिला औद्योगिक यंत्रमानव, युनिमेट, १९६१ साली अमेरिकेतील न्यू जर्सी येथील जनरल मोटर्सच्या कारखान्यात रुजू झाला. साच्यातून निघालेले तापलेले ओतीव भाग उचलण्याचे काम त्याच्याकडे आले, आणि ते हातचे गेले म्हणून फारसे कोणी हळहळले नसावे. पुढे ओहायोतील लॉर्ड्सटाउनच्या कारखान्यात युनिमेट वेल्डिंग करू लागले. तिथली जुळणीची लाइन तासाला सुमारे १०० गाड्यांच्या वेगाने धावण्यासाठी आखलेली होती, म्हणजे माणसांकडे उरलेले प्रत्येक काम जेमतेम ३६ सेकंदांत उरकावे लागे. १९७२ मध्ये तिथे संप झाला. यंत्र आले की काम सोपे होते, असे म्हणणाऱ्यांनी या ३६ सेकंदांचा हिशेब एकदा मांडून पाहावा.

आता गिअरबॉक्सची जुळणी पाहा. दाते नीट बसले की नाही, हे अनुभवी फिटरला डोळ्यांआधी बोटांना कळते, आणि हे बोटांचे ज्ञान कोणत्याही प्रमाणपत्रावर लिहिलेले नसते. विजेवर चालणाऱ्या मोटारीत पिस्टन, क्रँकशाफ्ट, इंजेक्टर, सायलेन्सर यांपैकी काहीच लागत नाही आणि बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्सही एकाच वेगाचा असतो. त्यामुळे इंजिन विभागातील कामे घटतात, आणि बॅटरीच्या कारखान्यांत निघणारी नवी कामे त्याच गावात, त्याच माणसांना, त्याच पगारावर मिळतीलच असे नाही. बॅटरी कारखान्यांतील कामगारांचा करार हा २०२३ च्या अमेरिकी वाहन कामगारांच्या संपातील एक कळीचा मुद्दा होता.

हे शेवटचे दृश्य वायरिंग हार्नेसचे, म्हणजे मोटारीतल्या विजेच्या वायरींच्या बांधलेल्या जुडीचे आहे. पत्रा ठरल्या जागी ताठ राहतो, वायर मात्र दर वेळी वेगळी वळते, लोंबते, गुंतते, आणि म्हणूनच नव्यातल्या नव्या मोटारीचा हार्नेससुद्धा आजही मोठ्या प्रमाणावर हातांनीच तयार होतो. फळीवर खुंट्या ठोकलेल्या आहेत. एकेक वायर खुंटीला वळसा घालून पुढे नेली जाते, जुडी अंगठ्याने दाबून धरली जाते आणि तिच्यावर टेप गुंडाळली जाते.