चार टायर आणि एक नाव

[दृश्य: पवनी रस्त्यावरचं टायरचं दुकान. सकाळ. मातीवर आडवे मांडलेले चार टायर.]

या चार टायरांवर बसून एक नाव रत्नागिरीहून वैनगंगेवर आली. हजार किलोमीटरच्या आसपासचा रस्ता. ती गावात शिरली तेव्हा म्हातारी माणसं तिला हात लावून पाहत होती, पोरं आत चढून बसली होती, बायकांनी ओवाळलं. ते पुढे दिसेलच. आधी टायर पाहू, कारण त्या दिवशी यांच्याकडे कोणी पाहिलं नाही.

दुकानातल्या चाचांनी खडूने ओळख लिहून ठेवली आहे. पुढचा डावा, पुढचा उजवा, मागचा डावा, मागचा उजवा. मागच्या डाव्याचं आता नुसतं कडं उरलंय.

[दृश्य: गोसीखुर्दचा फुगवटा. लांब एक डोंगा.]

ढिवरांचा, म्हणजे इथल्या मासेमारांचा, डोंगा बोडीत, म्हणजे लहानशा तळ्यात चालतो, मालगुजारी तलावात चालतो. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यावर, म्हणजे मागे साठलेल्या पाण्यावर, वारा उठला की लाट काठावरून आत येते. इथे रुंद बुडाची, इंजिनाची नाव पाहिजे, असं ढिवरांच्या संस्थेचे लोक किती वर्षं म्हणत होते. ट्रेलर का पाहिजे, हे मात्र त्यांना २०२० साली कळलं. ऑगस्टच्या शेवटी मध्य प्रदेशातून पाणी आलं, गोसीखुर्दचे ३३ दरवाजे उघडले आणि धरणाखाली ब्रह्मपुरी, गडचिरोलीपर्यंत काठची गावं पुरात सापडली. यांचे डोंगे धरणाच्या वरच्या अंगाला. खाली जायला पाण्यातून वाट नाही, मध्ये भिंत. नाव न्यायची तर रस्त्यानेच.

म्हणून ही नाव चाकांवर पाहिजे. आणि चाकंही अशी, की रात्री दोन वाजता फोन आला तरी हूक अडकवून निघता आलं पाहिजे.

[दृश्य: रत्नागिरीचं मिरकरवाडा बंदर, संध्याकाळ. ट्रेलरवर चढणारी नाव.]

नाव जुनीच घेतली. फायबरची, अठरा फुटी. इंजिन आणि ट्रेलर धरून वजनकाट्यावर १२०० किलो भरली. चार चाकं, म्हणजे एकेका टायरवर ३०० किलो. टायरच्या बाजूवर ८२ हा आकडा आहे. हा भाराचा आकडा. ८२ म्हणजे ४७५ किलो, तेही हवा पूर्ण असेल तर. हिशेबात सगळं बसत होतं. नक्षी खोल होती, अंगठा दाबून पाहिला होता. विकणारे म्हणाले, टायर कोरे आहेत.

आंबा घाट, कोल्हापूर, सोलापूर, तुळजापूर हा पल्ला रात्रीचा आणि पहाटेचा. कॅमेरा बाहेर निघाला तो नांदेड सुटल्यावर.

[दृश्य: पैनगंगेचा पूल. मे महिना, दुपार. डांबरावर हललेली हवा.]

पैनगंगा ओलांडली की विदर्भ. उमरखेडला गाडी पंपावर थांबली. हे दृश्य आम्ही मुद्दाम पूर्ण ठेवलं आहे. पाहा, हवेचा काटा ४६ दाखवतो. रत्नागिरीत संध्याकाळी ४० भरली होती. ट्रेलर ओढणाऱ्या पिकअपचा चालक म्हणतो, "जास्त झाली भाऊ, सोडून देऊ थोडी." आणि चारही टायरांतून हवा सोडली जाते. तिथे उभ्या असलेल्यांपैकी कोणीच त्याला अडवलं नाही. आम्हीही नाही. त्या वेळी ते बरोबरच वाटलं होतं.

हवा वाढली नव्हती, तापली होती. टायर धावला की तापतो, खाली मे महिन्यातलं डांबर, आतली हवा फुगते आणि काटा चढतो. टायर बनवणाऱ्याने हा चढ धरलेलाच असतो. म्हणून हवा मोजायची ती थंड टायरची, पहाटे, गाडी हलण्याआधी. तापलेल्या टायरची हवा सोडली की तो निवल्यावर अर्धपोटी राहतो. अर्धपोटी टायर जास्त चेपतो, जास्त चेपला की आणखी तापतो. उमरखेडपासून पुढे हेच चाललं होतं आणि बाहेरून काही म्हणता काही दिसत नव्हतं.

[दृश्य: आर्णीच्या पुढे. मागच्या गाडीतून घेतलेलं चित्रण. रस्त्यावर उडणारे रबराचे पट्टे.]

[इथे निवेदन नाही. हॉर्नचा आवाज.]

पिकअपच्या चालकाला पत्ताच नव्हता. गाडीचा स्वतःचा टायर फुटला तर स्टेअरिंग हाताला ओढ देतं. मागच्या ट्रेलरचा फुटला तर काही कळत नाही. आम्ही हॉर्न वाजवत राहिलो. तो थांबेपर्यंत एक किलोमीटर गेला असेल. तेवढ्या वेळात डाव्या बाजूचा सगळा भार पुढच्या एकट्या टायरवर आला. ३०० चे ६०० झाले. झेपणार ४७५, आणि हवा आधीच कमी.

स्टेपनी होती. पाना पिकअपचा होता, तो ट्रेलरच्या नटाला लागेना. दोन तास तिथेच गेले. शेवटी बाजूच्या शेतातून एक काकाजी ट्रॅक्टरच्या पान्यांची पेटी घेऊन आले. हे जे लिंबाखाली पाणी पिताहेत, ते.

[दृश्य: पुन्हा दुकान. चाचांचे हात, जवळून.]

आता चाचा काय दाखवतात ते पाहा. फुटलेल्या टायरच्या कड्यावर लंबगोल चौकटीत चार आकडे आहेत: २३१५. म्हणजे २०१५ सालचा तेविसावा आठवडा, जूनची सुरुवात. नक्षी कोरी होती हे खरंच, कारण हा टायर फार चाललाच नाही. बंदरावर उन्हात, खाऱ्या वाऱ्यात, एकाच जागी वर्षानुवर्षं उभा राहिला. रबरात एक मेण घातलेलं असतं. टायर फिरतो, दबतो, उसळतो, तसं ते मेण वर येत राहतं आणि रबराला हवेपासून, उन्हापासून सांभाळतं. उभ्या टायरचं मेण वर येत नाही. रबर वाळतं, चिरा पडतात. चाचा नखाने चीर उघडून दाखवतात. "हा टायर चालून नाई मेला. उभ्यानं मेला."

पुढचा डावा. दोन्ही कडा झिजलेल्या, मध्ये नक्षी शाबूत. कमी हवेची ही खूण. हवा जास्त असती तर मधला पट्टा गेला असता. हा फुटला नाही, पण दुप्पट भार सोसून गेलाय, आतल्या धाग्यांना काय झालंय ते वरून कळत नाही. चाचांनी तो बाजूला टाकला. संस्थेचा एक पोरगा म्हणाला, "चाचा, हा तर चांगला आहे." चाचांनी मान हलवली आणि टायरवर खडूने फुली मारली.

पुढचा उजवा एकाच कडेने गेला आहे, आतल्या. इथे टायरचा दोष नाही, आस वाकलेला आहे. नवा टायर घातला असता तर तोही तसाच गेला असता. आधी आस सरळ करून घेतला.

मागचा उजवा अजून धड आहे, पण तोही २०१५ चाच. त्याच्यावरही फुली.

फुटलेल्या टायरने मडगार्ड फाडलं, दिव्यांची वायर तोडली. दुरुस्तीत दोन दिवस गेले आणि चार नव्या टायरांसाठी पुन्हा वर्गणी काढावी लागली.

नावेसाठी पैसे जमवले तेव्हा यादीत नाव होती, इंजिन होतं, जाळी होती, जीवरक्षक जाकिटं होती. टायर नव्हते. आता वहीत त्यांचं वेगळं पान आहे: कोणत्या आठवड्यात बनले, पहाटे हवा किती होती, ग्रीस कधी भरलं. पाच-सहा वर्षं झाली की नक्षी कितीही कोरी असो, बदलायचे. ट्रेलर लाकडी ठोकळ्यांवर उचलून ठेवलेला, चाकांवर पोती. पाना ट्रेलरलाच साखळीने बांधलेला.

[दृश्य: घाट. ट्रॅक्टर ट्रेलर मागे रेटत पाण्याकडे नेतो.]

नाव उतरवायचा दिवस. ओवाळून झालं, नारळ फुटला, सगळे पाण्याकडे पाहताहेत. ट्रेलर मात्र काठावर थांबलाय. हा पोरगा चाकाच्या मध्यावर हात ठेवून बसलाय. बेअरिंग तापलेलं असताना चाक गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते, पाणी आत ओढलं जातं आणि ग्रीस खराब होतं. गंजलेलं बेअरिंग मग कधीतरी रस्त्यात अडकतं. म्हणून चाक निवेपर्यंत थांबायचं.

मागून कोणीतरी ओरडतं, "चाल ना बे, मुहूर्त चाललाय!"

तो हात काढत नाही.

[दृश्य: चाकं पाण्यात जातात. नाव ट्रेलरवरून सुटते. निवेदन नाही.]