मेलुहाच्या गावातली पोरं

(मंडळाच्या संक्रांत मेळाव्यातलं भाषण. वेबसाइटसाठी थोडं आवरतं घेतलं आहे. मूळ भाषण याहून लांबलं होतं, हे ज्यांची जिलेबी गार झाली त्यांना ठाऊक आहे.)

नमस्कार मंडळी. तिळगूळ घ्या, गोड बोला, आणि निदान दहा मिनिटं जेवणाच्या रांगेकडे बघू नका. मी बघतोय कोण बघतंय ते.

पत्रिकेत माझा विषय छापलाय, ‘आशियातल्या प्राचीन संस्कृती आणि आपण’. विषय मीच दिला होता. तेव्हा आमच्या घरी भांडण झालं नव्हतं. आता झालंय, त्यामुळे भाषणाचा रोख जरा बदललाय.

भांडण साधंच आहे. शनिवारी दहाला मराठीचा वर्ग असतो आणि शनिवारी दहालाच पोहण्याचं ट्रेनिंग असतं. लेक दहा वर्षांची. म्हणाली, "बाबा, मला मराठी समजतं. पोहणं मात्र सोडलं की येईनासं होतं." मी कोच नाही, मास्तर नाही, नुसता बाप. त्यामुळे मी एकदम पाच हजार वर्षांमागे गेलो.

त्याला निमित्त तिच्या शाळेचंच होतं. इथे इंग्लंडच्या अभ्यासक्रमात चार प्राचीन संस्कृती दिल्यात: सुमेर (म्हणजे आजच्या इराकचा दक्षिण भाग), सिंधू, इजिप्त आणि चीनमधलं शांग राज्य. चारांपैकी एक शाळेनं निवडायची आणि खोलात शिकवायची. तिच्या वर्गानं सुमेर घेतलं. सिंधू का नाही घेतली म्हणून मी दोन दिवस घरात फुरंगटून होतो. तिनं विचारलं, "सिंधू म्हणजे आपण का?" मी छाती काढून म्हटलं, "अर्थात!" त्यावर ती म्हणाली, "पण आपण तर संगमनेरचे ना?"

आता हसताय, पण तुमच्याकडे उत्तर आहे? गेल्या महिन्यात आपल्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरत होता, हडप्पाची लिपी वाचली गेली आणि ती म्हणे आपलीच निघाली. चाळीस अंगठे मिळाले त्याला. त्यातला एक माझा. अहो, ती लिपी अजून कुणालाही सर्वमान्य असं वाचता आलेली नाही. मुद्रांवरचे लेख सरासरी पाचेक चिन्हांचे. तेवढ्यावरून आपण गोत्र काढायला निघालो!

असो. मग एका रविवारी तिला घेऊन ब्रिटिश म्युझियमला गेलो. तिकीट नाही म्हणून आपण तिथे फक्त भारतातून आलेले पाहुणे नेतो. मुलांना नेत नाही, हे माझ्यासकट सगळ्यांना सांगतोय. तिथे इराकमधल्या ऊरच्या राजघराण्यातल्या थडग्यांतल्या वस्तू आहेत, साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या. त्यांत लाल अकीकाचे मणी आहेत. काही बोटभर लांब आणि आरपार भोक पाडलेले. एका मण्याला भोक पाडायला कारागिराचे कित्येक दिवस जात. असे लांब मणी घडवण्यात सिंधूकडच्या लोकांचा हात धरणारं कुणी नव्हतं. मणी समुद्रमार्गे गेले. तिकडच्याच अक्कड शहराचा राजा सारगोन शिलालेखात मिरवतोच, की मेलुहा, मगन आणि दिलमुनची जहाजं माझ्या धक्क्याला लागतात. मगन म्हणजे ओमानकडचा भाग, दिलमुन म्हणजे बहरीन, आणि मेलुहा म्हणजे सिंधूचा प्रदेश, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

तुमच्या हातातल्या तिळाचंही तसंच. हडप्पाला जळून कोळसा झालेले तीळ सापडलेत. तिळाची लागवड भारतीय उपखंडात सुरू झाली आणि तो तिकडून पश्चिमेला गेला, असं मानतात. म्हणजे परदेशात तीळ घेऊन जाणारे आपण पहिले नव्हे. आणि त्यांनी तो कस्टमला सांगितला होता की नाही, ते विचारू नका.

पण मला सांगायचंय ते मण्यांचं नाही, माणसांचं.

पॅरिसच्या लुव्र संग्रहालयात एक छोटी दंडगोल मुद्रा आहे, ओल्या मातीवर फिरवून ठसा उमटवायची, अक्कडच्या काळातली. मालकाचं नाव शू-इलिशू, आणि पुढे त्याचा हुद्दा कोरलाय: मेलुहाच्या भाषेचा दुभाष्या. तेव्हा तिथे मेलुहाची भाषा बोलणारे इतके लोक येत होते, की एक माणूस त्यावर पोट भरत होता. आमच्या घरी हा हुद्दा लेकीकडे आहे. माझी आई इथे आली की डॉक्टरकडे तीच दोन्ही बाजूंनी बोलते. ‘मुंग्या येतात’चं इंग्रजी तिनं जे केलं ते ऐकून डॉक्टर दचकला होता, पण ते जाऊ द्या.

खुद्द मेलुहाचा एक गृहस्थ मातीच्या पाटीवर भेटतो. त्याचं नाव लू-सुन्झिदा. त्यानं मारामारीत कुणाचा तरी दात पाडला आणि भरपाई म्हणून दहा शेकेल चांदी मोजली (शेकेल हे तिकडचं वजनाचं माप). पुढे ऊरचा राजा उर-नम्मू याच्या कायद्यात दाताला दोनच शेकेल लावलेत. आपल्या माणसाला दहा पडले! परक्या मुलखात भांडण महाग पडतं. (मागच्या सर्वसाधारण सभेला जे हजर होते त्यांनी याची नोंद घ्यावी.)

आता नाव बघा. माणूस मेलुहाचा, पण लू-सुन्झिदा हे नाव अस्सल सुमेरी आहे.

आणि त्यानंतर दोनेकशे वर्षांनी, इ.स.पू. २१०० ते २००० च्या दरम्यान, सुमेरमधल्याच लगाश शहराच्या मुलखातल्या हिशेबाच्या पाट्यांवर चक्क ‘मेलुहाचं गाव’ येतं. गुआब्बा नावाच्या ठिकाणाजवळचं. गावाच्या नावावर जवाच्या नोंदी आहेत. एका माणसाच्या नावापुढे ‘मेलुहाचा मुलगा’ असं लिहिलंय. बाकी माणसांची नावं सुमेरी आणि देवही तिथलेच. फक्त गावाचं नाव तेवढं मेलुहाचं राहिलं.

हे सगळं मी परतीच्या गाडीत लेकीला सांगितलं. सांगितलं कसलं, अंगावर टाकलं. म्हटलं, "बघ, शनिवारची शाळा बुडवली की काय होतं ते. गावाची पाटी राहते आणि माणसं हरवतात." मला वाटलं, बिनतोड मुद्दा झाला.

ती दोन स्टेशनं गप्प होती. मग म्हणाली, "पण बाबा, ते दुःखी होते असं कुठे लिहिलंय?"

मंडळी, मी तेव्हापासून हेच शोधतोय. पाट्यांवर जव लिहिलाय, मापं लिहिलीत, कुणी किती दिलं ते लिहिलंय. दुःखाबद्दल काही नाही. आनंदाबद्दलही नाही. कारकून माणसं ती, आपल्या खजिनदारांसारखी.

घरी आलो तर बायको म्हणाली, "तू तिला हरवायला गेलास आणि ती बरोबर बोलली." मग आमच्या दोघांचंही भांडण झालं. दात शाबूत आहेत.

लेकीचा पहिला प्रश्न राहिलाच, संगमनेरचा. त्याचं उत्तर खरं तर माझ्या मामाच्या गावात होतं. मामा जोर्व्याचा. प्रवरेच्या काठी, संगमनेरहून सायकलवर जाता येईल इतकं जवळ. उन्हाळ्याच्या सुट्ट्या तिथे काढल्या, उसाची कांडी चोखत. तिथे १९५०-५१ साली सांकलिया आणि देव यांनी उत्खनन केलं आणि तांब्याची आणि दगडाची हत्यारं वापरणाऱ्या एका अख्ख्या ताम्रपाषाण संस्कृतीला ‘जोर्वे’ नाव मिळालं, हे मला लंडनमध्ये एका पुस्तकात कळलं, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी! लालसर नारिंगी भांडी, त्यावर काळ्या रेघांची नक्षी, तोटीचे चंबू. इतकी पक्की भाजलेली, की टिचकी मारली तर धातूसारखी वाजतात. आणि त्याच प्रवरेच्या काठी खाली दायमाबादला १९७४ मध्ये एका शेतकऱ्याला खणताना चार ब्राँझच्या मूर्ती मिळाल्या. हत्ती, गेंडा, म्हैस आणि दोन बैलांचा रथ, त्यात उभा असलेला माणूस. चारींचं मिळून वजन साठ किलोच्या वर. मी दायमाबादला अजून गेलेलो नाही. पिसाचा मनोरा मात्र दोनदा पाहिलाय, हात लावून फोटोसकट.

या जोर्वे लोकांची एक रीत आहे. पुण्याजवळ घोडनदीकाठी इनामगावला ती नीट दिसली. मेलेल्या माणसाला ते लांब नेत नसत, घरातच जमिनीखाली किंवा अंगणात पुरत. आणि मोठ्या माणसाचे पाय घोट्यापासून कापून टाकत. का, याचा अंदाजच करायचा. पण बऱ्याच पुरातत्त्वज्ञांना वाटतं, त्यानं उठून घर सोडून जाऊ नये म्हणून.

हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. आईचा व्हिडिओ कॉल आठवत राहिला. ती कधी ‘परत ये’ म्हणत नाही. "तिकडे थंडी फार आहे का?" एवढंच विचारते, जुलैमध्येसुद्धा.

लेकीला हे सांगायचं नव्हतं, पण सांगून बसलो. तिनं आधी "ईई" केलं. मग विचारलं, "आणि लहान मुलांचे?"

लहान मुलांना ते दोन रांजणांत ठेवत, तोंडाला तोंड लावलेल्या, आईच्या पोटात असल्यासारखं. तिथेच, घराच्या जमिनीखाली.

"म्हणजे मुलांचे नाही कापायचे," ती म्हणाली. "का?"

मला सांगता आलं नाही. तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर जेवताना भेटा.

येता शनिवार जवळ आलाय. दाराशी दोन पिशव्या भरून ठेवल्यात, एकीत टॉवेल आणि गॉगल, दुसरीत मराठीची वही. त्या मी ठेवल्या नाहीत, तिनंच ठेवल्यात. कुठली उचलणार, ते अजून विचारलेलं नाही.