न भागता सापडलेला प्राइम

स्क्रीनवर ही जी लांबलचक संख्या दिसतेय ना, १७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७, ती वाचायच्या फंदात पडू नका. ३९ अंक आहेत. सोपं करून सांगायचं तर २ चा १२७वा घात काढा, त्यातून १ वजा करा, झालं. बायनरीत लिहिली तर ओळीने १२७ वेळा १, मध्ये एकही शून्य नाही, दिसायला तशी फारच बोअर संख्या.

पण ती प्राइम आहे, म्हणजे १ आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच पूर्ण भाग जात नाही. आणि हे कळलं १८७६ साली, एदुआर्द ल्युका या फ्रेंच गणितज्ञाला, कागदावर हाताने आकडेमोड करून.

आता भाजक शोधायचा तर वर्गमुळापर्यंत एकेक संख्या लावून बघा, आणि इथे वर्गमूळच २० अंकी. सेकंदाला १०० कोटी भागाकार करणारं मशीन दिलं तरी ४०० वर्षांच्या वर जातील. मग ल्युकाने काय केलं, तर भाजक शोधायचा नादच सोडला.

त्याची टेस्ट पुढे लेहमर या अमेरिकन गणितज्ञाने सोपी केली, त्या रूपात ३१ वर करून बघू. ३१ म्हणजे २ चा ५वा घात वजा १. सुरुवात ४ पासून. वर्ग करा, २ वजा करा, आले १४. परत तेच, १९४, त्याला ३१ ने भागून बाकी ८. परत तेच, ८ चा वर्ग ६४, वजा २, राहिले ६२, आणि ६२ ला ३१ ने पूर्ण भाग जातो! घातापेक्षा २ कमी, म्हणजे ३ स्टेप्समध्ये बाकी शून्य आली की प्राइम पक्का. आपल्या संख्येला अशा १२५ स्टेप्स लागतात, फक्त दरवेळी अवाढव्य संख्येचा वर्ग करायचा आणि एक हातचा विसरला की सगळं मुसळ केरात.

गंमत म्हणजे टेस्टमध्ये नापास झालेल्या संख्येचे भाजक कोणते हे टेस्ट सांगतच नाही. मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने १६४४ मध्ये अशा प्राइमच्या आपल्या यादीत २ चा ६७वा घात वजा १ हाही टाकला होता, तो ल्युकाने १८७६ लाच खोडला, पण भाजक मिळाले थेट १९०३ मध्ये, फ्रँक कोल या अमेरिकन गणितज्ञाला: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७.

माहीत असलेला सगळ्यात मोठा प्राइम, हा ल्युकाच्या संख्येचा रेकॉर्ड १९५१ पर्यंत, म्हणजे ७५ वर्षं टिकला.

आता एक साखळी बघा. २ चा २रा घात वजा १, ३. २ चा ३रा घात वजा १, ७. ७वा घात घेतला की १२७, आणि १२७वा घेतला की आपली ही संख्या, सगळे प्राइम. पुढची कडी? तिच्यात अंक किती हे सांगायलाच ३८ अंकी संख्या लागते, ती कुठल्याच कॉम्प्युटरच्या मेमरीत मावणार नाही, त्यामुळे ल्युकाची टेस्ट इथे चालवताच येत नाही. मग उरतं काय, तर एकेक भाजक लावून बघणं. अजून एकही लागलेला नाही.