गोळ्या गरम पडल्या

श्रोतेहो, नमस्कार.

'त्याला गोळ्या गरम पडल्या.' हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. अंगावर पुरळ आलं, तोंड आलं, पोटात जळजळ झाली, की गोळ्या गरम पडल्या म्हणायचं आणि विषय संपवायचा. मी लहान मुलांची डॉक्टर आहे, कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी बरीच वर्षं काम करते. हे वाक्य कानावर पडलं की मी आता हातातलं पेन खाली ठेवते आणि विचारते, 'गरम पडल्या म्हणजे नक्की काय झालं होतं? लघवीचा रंग कसा होता?' हा प्रश्न मला एका बाळानं शिकवला. आज त्याचीच गोष्ट सांगणार आहे.

बाळ तीन दिवसांचं होतं. आईचं माहेर आमच्या गावाजवळचं, पहिलं बाळंतपण, सगळं नीट झालेलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आजी बाळाला घेऊन आली. 'बाई, पोर पिवळं दिसतंय आणि दूध ओढत नाहीये.' नवजात बाळांना थोडी कावीळ होतेच, बहुतेकांची आपोआप उतरते. पण हे बाळ तळपायापर्यंत हळदीसारखं पिवळं होतं. तपासायला मी वाकले, तर नाकात डांबरगोळ्यांचा वास शिरला. बाळ ज्या दुपट्यात गुंडाळलं होतं, त्याला तो वास होता.

दुपटं जुन्या लुगड्याचं होतं. आजीनं स्वतःच्या आईचं सुती लुगडं पेटीत जपून ठेवलं होतं, कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या घालून. नातवासाठी ते बाहेर काढलं, फाडून चार दुपटी केली. इतकं मऊ कापड विकत कुठे मिळतं? त्यात बाळाला रोज तेल चोळून गुंडाळलेलं. बहुतेक डांबरगोळ्या नॅप्थलीनच्या असतात. नॅप्थलीन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात मात्र सहज विरघळतं. म्हणजे तेल लावलेल्या कोवळ्या त्वचेतून ते रक्तात उतरायला आयती वाट मिळाली होती.

आता थोडं शरीराच्या आत जाऊ या.

आपल्या प्रत्येक पेशीत अखंड घडामोड चाललेली असते. अन्न मोडायचं, त्यातून शक्ती काढायची, नवे घटक बांधायचे, टाकाऊ बाहेर घालवायचं. याला आपण चयापचय म्हणतो. ही कामं करून घेणारी प्रथिनं म्हणजे विकरं, एन्झाइम. भाताचा घास गिळायची घाई न करता जरा वेळ चावत राहा, तो गोडसर लागायला लागतो. लाळेतलं एक विकर पिष्टमय पदार्थाची साखर करू लागलेलं असतं. हेच काम विकराशिवाय, नुसत्या कोमट पाण्यात सोडून दिलं, तर वाट बघून आयुष्य सरेल. अशी हजारो विकरं शरीरात असतात आणि प्रत्येकाचं काम ठरलेलं असतं. त्यातल्या एकाचं नाव लांबलचक आहे, ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजिनेज. प्रयोगशाळेच्या कागदावर त्याला जी सिक्स पी डी म्हणतात, आपणही तेच म्हणू.

या विकराची खरी गरज लाल रक्तपेशीला. ही पेशी मला नेहमी फार एकाकी वाटते. रक्तात उतरण्याआधीच तिनं आपलं केंद्रक टाकून दिलेलं असतं. नवं प्रथिन तिला बनवता येत नाही. जन्मताना जी विकरं बरोबर आणली, त्यांच्यावर सुमारे १२० दिवस काढायचे. आणि काम काय, तर लोह असलेल्या हिमोग्लोबिनमधून प्राणवायू वाहून न्यायचा. लोखंड आणि खारी हवा एकत्र आली की काय होतं, हे कोकणातल्या माणसाला मी सांगायला नको. खिडकीचे गज दोन पावसाळ्यांत खपल्या सोडतात. लाल पेशीतही असाच एक गंज सतत चढू पाहत असतो. हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे दाहक पदार्थ आतल्या आत तयार होतात. त्यांना निकामी करायला पेशीजवळ ग्लुटाथायोन नावाचा छोटा रेणू असतो. पण एकदा वार झेलला की तो स्वतः निकामी होतो, त्याला पुन्हा कामावर आणायला एनएडीपीएच नावाचा दुसरा रेणू लागतो. इतर पेशींना तो मिळवायच्या दोन-तीन वाटा आहेत. लाल पेशीला एकच, ग्लुकोजच्या एका आडवाटेनं. आणि त्या आडवाटेच्या तोंडाशी बसलेलं विकर म्हणजे आपलं जी सिक्स पी डी.

ते कमी असेल तर? एरवी काही कळतसुद्धा नाही. अशी माणसं शेती करतात, मासेमारीला जातात, धावतात, म्हातारी होतात. पण बाहेरून एखादा असा पदार्थ आला, की जो या गंजाचा वेग एकाएकी वाढवतो, तर पेशीची शिबंदी पुरी पडत नाही. हिमोग्लोबिन बिघडून त्याचे गोळे पेशीच्या आतल्या भिंतीला चिकटतात. रक्त पांथरीतून फिरताना पांथरी तो बिघडलेला भाग कुरतडून काढते. सूक्ष्मदर्शकाखाली या पेशी पाहिल्या की कडेचा घास तोडलेल्या भाकरीसारख्या दिसतात. त्या बाळाच्या रक्ताच्या काचपट्टीवर मला अशाच पेशी दिसल्या, एका नजरेत सात-आठ.

पेशी फुटल्या की हिमोग्लोबिनपासून बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य तयार होतं. ते बाहेर टाकायला यकृतातलं आणखी एक विकर लागतं, आणि नवजात बाळात ते पहिले काही दिवस फारच मंद असतं. म्हणजे एका विकराच्या कमतरतेनं पूर आला आणि दुसऱ्याच्या कच्चेपणानं मोरी तुंबली. बिलिरुबिन फार वाढलं तर मेंदूत शिरतं. बाळ वाचलं तरी बहिरेपण, हातापायांचा ताठरपणा कायमचा राहू शकतो. म्हणून एवढी घाई.

आम्ही बाळाला लगेच निळ्या दिव्याखाली ठेवलं. या दिव्याबद्दल सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. १९५६ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये एसेक्समधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात वॉर्ड नावाच्या परिचारिका होत्या. त्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांना अंगणात उन्हात न्यायच्या. एका बाळाचं अंग फिकं झालं होतं, फक्त पांघरुणाखाली झाकलेला त्वचेचा तुकडा पिवळाच राहिला होता. हे त्यांनी डॉक्टरांना दाखवलं. त्या एका निरीक्षणातून हा उपचार उभा राहिला. निळा प्रकाश त्वचेतल्या बिलिरुबिनच्या रेणूची घडणच बदलतो, मग यकृतातल्या त्या मंद विकराची वाट न बघता तो शरीराबाहेर जाऊ शकतो. मात्र घरी कोवळ्या उन्हात धरून एवढी मोठी कावीळ उतरत नाही. तसं करत दोन दिवस घालवून मग बाळ आणलेलं मी पाहिलंय. कृपा करून तसं करू नका.

आमच्या बाळाला दिवाही पुरेना. त्याच रात्री त्याला मोठ्या रुग्णालयात हलवलं, तिथे रक्तबदल करावा लागला. म्हणजे बाळाचं रक्त थोडं थोडं काढत दात्याचं रक्त थोडं थोडं भरायचं. दोन तासांचं काम. बाळ वाचलं, नीट वाचलं.

दुसऱ्या दिवशी आजी व्हरांड्यात बसून होती. 'माझ्या आईच्या लुगड्यानं झालं का हो हे?' मी तिला सांगितलं की तुमचा यात काही दोष नाही, डांबरगोळीच्या पुडीवर कोणी तुम्हाला हे लिहून दिलं होतं का? मग मी विचारलं, घरात कुणाला असं काही झालं होतं का. ती आधी नाही म्हणाली. मग थांबून म्हणाली, 'याच्या मामाला लहानपणी हिवतापाच्या गोळ्या गरम पडल्या होत्या. लघवी कोऱ्या चहासारखी झाली होती. गोळ्या बंद केल्या नि बरा झाला.'

मला जे हवं होतं ते त्या एका वाक्यात मिळालं.

हिवतापाच्या त्या गोळ्या बहुधा प्रायमाक्विनच्या होत्या, आणि या विकराच्या कमतरतेचा शोधही याच गोळीमुळे लागला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या स्टेटव्हिल तुरुंगात शिकागो विद्यापीठाचे डॉक्टर कैद्यांवर हिवतापाच्या औषधांचे प्रयोग करू लागले. पुढे प्रायमाक्विनही तिथे तपासलं गेलं. काही जणांची, विशेषतः काही कृष्णवर्णीय कैद्यांची, लघवी काळी पडायची आणि रक्त झपाट्यानं कमी व्हायचं. मग त्यांच्या पेशींवर किरणोत्सारी क्रोमियमची खूण करून त्या दुसऱ्या, त्रास न होणाऱ्या माणसाला दिल्या आणि त्याला गोळी दिली. खूण केलेल्या पेशी फुटल्या. उलट केलं तेव्हा निरोगी माणसाच्या पेशी त्रास होणाऱ्याच्या अंगातही टिकल्या. दोष औषधात नव्हता, शरीरातल्या इतर कशात नव्हता, पेशीतच होता. १९५६ मध्ये पॉल कार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं कमी असलेलं विकर दाखवून दिलं. मला हा प्रयोग शिकवताना अभिमान वाटतो आणि अस्वस्थही वाटतं. गजाआडच्या माणसानं दिलेल्या होकाराला होकार म्हणायचं का? आपल्याला मिळालेलं हे ज्ञान त्यांच्या रक्तातून आलंय, एवढी आठवण तरी ठेवली पाहिजे.

जगात ४० कोटींहून जास्त लोकांत हे विकर कमी आहे. जिथे पिढ्यान्‌पिढ्या हिवताप होता, तिथेच हा दोष जास्त सापडतो, कारण अशा पेशीत हिवतापाच्या परोपजीवीचंही नीट फावत नाही. दोष म्हणावा की ढाल, असा प्रश्न पडतो. भूमध्य समुद्राकाठी बाकल्याच्या, म्हणजे फावा बीन्सच्या, शेंगा खाऊन काहींना हाच त्रास होतो. आपला वाल, पावटा, घेवडा निराळे, त्यांची भीती बाळगू नका. मुंबईच्या पारशी समाजात हा दोष बराच आढळतो, आपल्या आदिवासी भागांतही आढळतो. आणि एका प्रकाराला तर आपल्या कल्याणचं नाव आहे. एका कोळी कुटुंबात तो सापडला, त्याची नोंद १९८४ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे केरळमधला प्रकार आणि हा एकच निघाला, म्हणून आता त्याला केरळ-कल्याण म्हणतात. ५१५ अमिनो आम्लांची ही माळ. त्यात ३१७ व्या जागचा एक मणी बदललेला, बाकी सगळी माळ जशीच्या तशी.

या विकराचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मुलाला एकच एक्स मिळतं, तेही आईकडून. मुलीला दोन मिळतात, एकात दोष असला तरी दुसरं बहुधा सांभाळून घेतं. म्हणून त्रास मुख्यतः मुलग्यांना होतो आणि आईला बहुधा पत्ताही नसतो. आजीकडून मामाला गेलं, आजीकडूनच लेकीला गेलं, लेकीकडून बाळाला आलं.

पण खात्री कशी करायची? बाळाच्या अंगात आता दात्याचं रक्त होतं, ते तपासून उपयोग नव्हता. रक्तबदल झाला नसता तरी घोटाळा झाला असता. पेशी फुटतात तेव्हा आधी म्हाताऱ्या फुटतात, कारण वयाबरोबर त्यांच्यातलं विकर ओसरत जातं. उरतात त्या कोवळ्या पेशी, त्यांच्यात विकर जास्त. त्यामुळे ऐन आजारात केलेली तपासणी फसवी चांगली येऊ शकते. निदान दोन-तीन महिने थांबून पुन्हा करावी लागते. म्हणून आम्ही मामाचं रक्त पाठवलं.

ही तपासणी मी मुंबईत शिकत असताना अंधाऱ्या खोलीत पाहिली होती. रक्ताचा थेंब रसायनात मिसळून गाळणकागदावर टिपायचा आणि अतिनील दिव्याखाली धरायचा. विकर असेल तर तिथे एनएडीपीएच तयार होतं आणि ते उजळतं. एका ओळीत दहा ठिपके, नऊ निळसर चमकणारे आणि एक काळा. ते दृश्य मी विसरलेले नाही. मामाचा अहवाल आला, विकर कमी. तीन महिन्यांनी बाळाचाही तसाच आला.

श्रोतेहो, आता कामाचं सांगते. बाळाच्या कपड्यांत, गोधडीत, पाळण्याच्या कापडांत डांबरगोळी कधीच ठेवू नका. कडुलिंबाचा पाला ठेवा, कपडे उन्हं दाखवून घडी करा. पहिल्या आठवड्यात बाळ पोटापर्यंत किंवा पायापर्यंत पिवळं दिसलं, दूध ओढेनासं झालं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. प्रायमाक्विनला मात्र घाबरू नका. व्हायवॅक्स जातीच्या हिवतापाचे जंतू यकृतात लपून बसतात आणि महिन्यांनी परत ताप आणतात. त्यांना तिथून काढायला १४ दिवस ही गोळी घ्यावी लागते आणि ती पुरी घेतलीच पाहिजे. गोळ्या सुरू करण्याआधी जी सिक्स पी डी तपासता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. गोळ्या चालू असताना लघवी काळपट झाली, डोळे पिवळे झाले, धाप लागली, तर गोळी थांबवा आणि लगेच दाखवायला या. विकर कमी असेल तर डॉक्टर पुष्कळदा देखरेखीखाली आठवड्यातून एकदाच, ८ आठवडे, गोळी देऊ शकतात. कुष्ठरोगावरच्या डॅप्सोनच्या बाबतीतही डॉक्टरांना हा दोष आधी सांगितला पाहिजे. ज्यांचा अहवाल तसा आहे, त्यांनी तो घडी करून पाकिटात ठेवावा. आमच्या बाळाचा मामा आधार कार्डामागे ठेवतो.

अहवाल घेऊन आजी माझ्याकडे आली होती, तेव्हा मी तिला कागदावर रेघा मारून दाखवलं, तुम्ही, तुमची लेक, तुमचा लेक, नातू. तिनं बराच वेळ त्या रेघांकडे पाहिलं. मग 'तुम्ही' लिहिलं होतं तिथे बोट ठेवून शेजारची मोकळी जागा दाखवली. 'इथं माझी बहीण येईल का? तिला तीन मुलगे आहेत, गडचिरोलीकडं असतात. तिकडं हिवताप लई.' मी म्हटलं, येईल, तिच्यातही हा दोष असू शकतो, मुलांचं रक्त तपासायला हवं. तिनं कमरेचा फोन काढला, तिथल्याच बाकावर बसली आणि बहिणीला विचारू लागली, 'आगं, तुझ्या थोरल्याला मागं गोळ्या गरम पडल्या होत्या, ते नक्की काय झालं होतं गं?'