छत ठोकून पाहणारा माणूस

मंडळी, नमस्कार.

आमच्या बाबांना एक सवय होती. कोणाच्या नव्या घरी वास्तुशांतीला गेलं की जेवण झाल्यावर ते छत्री उलटी धरायचे आणि तिच्या दांड्यानं छताला दोनचारदा ठोकायचे. मग मान किंचित तिरपी करून ऐकायचे. यजमानांना वाटायचं, बांधकामाची परीक्षा चालली आहे. आईला अगदी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. विचारलं तर बाबा एवढंच म्हणायचे, "सवय आहे."

बाबा बल्लारपूरच्या कोळसा खाणीत माइनिंग सरदार होते. कामगारांच्या आधी खाणीत शिरायचं, आपल्या वाट्याच्या भागात गॅस आहे का, छत धरून आहे का ते बघायचं आणि मगच माणसं आत सोडायची, हे सरदाराचं काम. मी खाणीच्या कॉलनीत वाढले. भोंग्यावर आमच्या घरातलं घड्याळ चालायचं. दिवस, चार वाजता, रात्र अशा तीन पाळ्यांवर आमची जेवणं ठरायची. बाबा घरी आले की पापण्यांच्या कडांना कोळसा बसलेला असायचा, काजळ घातल्यासारखा. आई आधीपासून बंब पेटवून ठेवायची. हे सगळं मी पाहिलं. खाण मात्र कधी पाहिली नाही.

पाहणार तरी कशी? 1952 च्या खाण कायद्यानं स्त्रियांना जमिनीखाली काम करायला मनाई होती. त्याआधीचा इतिहास तर फार गुंतागुंतीचा आहे. आपल्याकडच्या कोळसा खाणींत बायका नवऱ्याबरोबर खाली उतरत. तो खणायचा, ती टोपल्या वाहायची. 1929 च्या नियमांनी त्यांना हळूहळू बाहेर काढायला सुरुवात झाली, 1937 मध्ये बंदी पुरी झाली, युद्धात कोळसा कमी पडू लागल्यावर 1943 मध्ये ती उठवली आणि 1946 मध्ये परत घातली. गरज असेल तेव्हा बाई चालते, गरज सरली की तिची काळजी वाटू लागते, हे मला आजही पटत नाही. काम फार वाईट होतं हे खरं. पण त्या घरातली एक मजुरी गेली, आणि तिच्या बदल्यात काय दिलं, हे कोणी विचारल्याचं मला दिसत नाही. 2019 मध्ये केंद्र सरकारनं लेखी संमती आणि सुरक्षेच्या अटींवर जमिनीखालच्या कामाची परवानगी दिली. बाबा तोवर गेले होते.

तर वयाच्या चौसष्टाव्या वर्षी मी पहिल्यांदा खाणीत उतरले, ती वेल्समध्ये. मुलगा कार्डिफला असतो. त्यानं विचारलं, कुठे जायचं? किल्ले आहेत, समुद्र आहे. मी म्हटलं, खाण.

दक्षिण वेल्समध्ये ब्लेनॅव्हन नावाचं गाव आहे. डोंगरउतारावर दगडी घरांच्या रांगा, आणि वर बिग पिट. तिचं तोंड दीर्घवर्तुळाकार आणि इतकं रुंद की कोळसा वाहणाऱ्या दोन ट्रामगाड्यांचे रूळ शेजारी शेजारी मावतील, म्हणून हे नाव. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तेराशेच्या आसपास माणसं इथं काम करत. 1980 मध्ये खाण बंद झाली, 1983 मध्ये तीच खाण लोकांना बघायला खुली झाली, आणि 2000 साली हा सगळा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला. खाली तासाभराची फेरी, वर न्हाणीघरं आणि प्रदर्शन, असा अर्धा दिवस सहज जातो.

तिकिटापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे तिथला वाटाड्या. तो स्वतः खाणकामगार होता. सोळाव्या वर्षी लागलेला, दुसऱ्या एका खाणीत वीसेक वर्षं काढलेला. हात असे की हस्तांदोलन करताना माझा तळवा कुठे गेला ते कळेना. हाताच्या पाठीवर निळसर रेघा होत्या. मी त्या ताबडतोब ओळखल्या. जखमेत कोळशाची भुकटी राहते आणि कातडी तिच्यावरून मिटते. बाबांच्या डाव्या भुवईवर तशीच एक होती. लहानपणी मला वाटायचं, ते गोंदण आहे.

आधी झडती. मोबाइल, बॅटरीचं घड्याळ, काडेपेटी, लायटर, गाडीची किल्लीसुद्धा काढून घेतात. मिथेन हवेत सुमारे पाच ते पंधरा टक्के झाला की एक ठिणगी पुरते. बल्लारपूरलाही हीच पद्धत. बाबा बिडी ओढत, पण खिशात कधी ठेवत नसत, आणि पाळीवर असताना तोंडात तंबाखू. वाटाड्यानं सांगितलं की वेल्सचे कामगारही खाली तंबाखूच चघळत. तोंड ओलं राहतं, धूळ घशात उतरत नाही अशी समजूत. सात समुद्रांपलीकडच्या दोन माणसांनी एकमेकांना न विचारता एकच उपाय शोधला होता.

मग हेल्मेट, त्यावर दिवा, कमरेला पट्टा, पट्ट्याला दिव्याची बॅटरी आणि सेल्फ रेस्क्यूअर. ही एक डबी असते. हवेत विषारी वायू भरला तर ती तोंडाला लावायची, बाहेर पडण्यापुरता वेळ मिळतो. सगळं मिळून पाचेक किलो. मी अवघडून उभी होते. वाटाड्यानं माझा पट्टा एक भोक आवळला आणि म्हणाला, सैल राहिला तर दिवसभर पाठ बोलेल. बाबा संध्याकाळी आईकडून पाठ तुडवून घेत असत. हे वजन रोज आठ तास, एवढी वर्षं. मला ते कधी सुचलंच नव्हतं.

पिंजऱ्यात बसून आम्ही नव्वद मीटर खाली गेलो. पिंजरा म्हणजे लोखंडी जाळीची लिफ्ट. आपल्याकडे हिंदी भाषक कामगार तिला डोली म्हणत आणि विहिरीसारख्या त्या उभ्या खड्ड्याला चानक. डोलीत बसून काळोखात उतरायचं, हा शब्द कुणाला सुचला असेल, याचा मी त्या नव्वद मीटरमध्ये विचार करत होते.

खाली पहिली जाणवली ती हवा. गार, आणि चालती. खाणीत वारा आपोआप येत नाही, तो खेळवावा लागतो. एका वाटेनं आत घ्यायचा, सगळ्या गल्ल्यांतून फिरवायचा, दुसऱ्या वाटेनं बाहेर काढायचा. ही दुसरी वाट कायद्यात यायला मात्र माणसं मरावी लागली. 1862 च्या जानेवारीत इंग्लंडमधल्या हार्टली खाणीत पंपाची अवाढव्य लोखंडी तुळई तुटून एकुलत्या एका चानकात कोसळली. वाट बुजली आणि 204 पुरुष नि मुलगे आत मेले. त्यानंतर प्रत्येक खाणीला दोन वाटा बंधनकारक झाल्या. खाणीचा जवळजवळ प्रत्येक नियम असा कुणाच्या तरी मरणानंतर लिहिलेला आहे. वेल्सनं 1913 मध्ये सेंघेनिडला एका स्फोटात 439 कामगार गमावले. आपल्याकडे 1975 च्या डिसेंबरात धनबादजवळच्या चासनाळा खाणीत पाणी घुसलं, पावणेचारशे माणसं गेली. ती बातमी रेडिओवर लागली तेव्हा आमच्या कॉलनीत कोणी चूल पेटवली नाही. बाबा त्या रात्रीही पाळीवर गेले.

हवा योग्य वाटेनं फिरावी म्हणून खाणीत लाकडी दारं असतात. टब, म्हणजे कोळशाची छोटी गाडी, आला की उघडायचं, गेला की लगेच लावायचं. एकोणिसाव्या शतकात हे काम मुलांकडे असे. वाटाड्यानं आम्हाला तशा एका दारापाशी थांबवलं आणि दिवे बंद करायला सांगितले.

घरातला अंधार हा अंधार नसतो, हे मला तिथं कळलं. डोळे सरावतील म्हणून मी वाट पाहिली, ते सरावले नाहीत. स्वतःचा हात नाकासमोर धरला, दिसला नाही. कुठेतरी पाणी ठिबकत होतं. त्या काळोखात वाटाड्या बोलत होता: पाचसहा वर्षांचं पोर, हातात दाराची दोरी, बारा तास. मेणबत्ती संपली की हेच. 1842 मध्ये ब्रिटनच्या संसदेपुढे या मुलांच्या जबान्या गेल्या. मर्थर टिडफिलजवळच्या खाणीतली सूझन रीस सहा वर्षांची होती. तिनं सांगितलं होतं की सकाळी सहाला येते, संध्याकाळी सहाला जाते, आणि दिवा विझला किंवा भूक लागली की घरी पळून जाते. त्याच वर्षी कायदा झाला, मुली-बायका आणि दहा वर्षांखालचे मुलगे खाणीतून बाहेर आले. माझ्या शेजारी आठनऊ वर्षांची एक शाळकरी मुलगी होती. तिनं काळोखात माझी बाही धरली. कोणाची बाही आहे हे तिला माहीत नव्हतं. दिवे लागल्यावरही तिनं ती बराच वेळ सोडली नाही.

पुढे घोड्यांचे तबेले आहेत, जमिनीखाली. प्रत्येक ठाणावर घोड्याच्या नावाची पाटी. वर्षातून एकदा, कामगारांच्या उन्हाळी सुट्टीत, घोडे वर आणत.

आता कोळशाचा थर, खाणीच्या भाषेत सीम. वेल्सच्या कित्येक सीम मीटरभरसुद्धा जाड नाहीत. माणूस कुशीवर आडवा होऊन खणायचा. आपल्या वर्धा खोऱ्यातला कोळसा गोंडवन काळातला, वेल्सच्या कोळशाहून वयानं धाकटा आणि थरानं कितीतरी जाड. एकीकडे गुडघ्याला, दुसरीकडे मानेला त्रास. पण छत दोन्हीकडे सारखंच. आपण कोळसा काढतो तेव्हा छताचा आधारच काढत असतो, म्हणून खांब ठेवायचे, टेकू लावायचे आणि छताचं ऐकत राहायचं.

इथं वाटाड्यानं हातातली काठी उलटी केली.

त्यानं छताला ठोकलं. टण्. मान किंचित तिरपी केली. दोन पावलं सरकून पुन्हा ठोकलं. टण्. मग एका जागी आवाज बदलला, बद्द झाला, रिकाम्या डब्यासारखा. तो म्हणाला, इथं वरचा थर सुटलाय, इथं टेकू आहे म्हणून मी तुम्हाला उभं करतोय. आणि पुढच्या गल्लीकडे वळला. मंडळी, माझ्या डोळ्यांसमोर आमच्या साऱ्या नातेवाइकांची दिवाणखान्याची छतं आली. छत्रीचा दांडा आला. मान खाली घालून बसलेली आई आली. मुलानं विचारलं, "काय झालं?" मला सांगता येईना.

वर आल्यावर न्हाणीघरं पाहिली. 1939 ची आहेत. मळक्या कपड्यांचं कपाट एकीकडे, स्वच्छ कपड्यांचं दुसरीकडे, मध्ये शॉवर, कपाटांतून गरम हवा फिरवून ओले कपडे सुकवायची सोय. तोवर घरोघरी शेगडीपुढे पत्र्याचा टब असे, आणि उकळतं पाणी उचलून ओतायचं काम बायकांचं. आपल्या बंबापुढे बसलेली आई मला तिथं दिसली, नऊवारीऐवजी एप्रनमध्ये. कामगाराला कामावरच अंघोळ मिळाली, हा सोयीचा नव्हे, घरातल्या बाईच्या पाठीचा प्रश्न होता. असा विचार करून कोणी इमारत बांधली याचं मला फार कौतुक वाटलं.

निघताना मी वाटाड्याला सांगितलं की माझे वडील भारतात खाणीत सरदार होते. त्याचा चेहराच उजळला. त्यानं एकामागून एक विचारलं. सीम किती जाड? छत कशाचं? खांब किती अंतरावर? पाणी होतं का? मला एकाचंही उत्तर आलं नाही. बत्तीस वर्षं ज्या जागेनं आमचं घर चालवलं तिच्या छताचा दगड मला माहीत नव्हता. तो म्हणाला, त्यांना विचार. मी म्हटलं, ते नाहीत. त्यानं हेल्मेट काढलं.

वेल्सची टॉवर कोलिअरी सरकारनं बंद केली तेव्हा 239 कामगारांनी प्रत्येकी आठ हजार पौंड घालून 1995 मध्ये ती विकत घेतली आणि 2008 पर्यंत चालवली. ब्रिटनमधली शेवटची खोल कोळसा खाण 2015 च्या डिसेंबरात मिटली. म्हणजे बिग पिटमध्ये बोलणारी ही शेवटची पिढी. आपल्याकडे वरोऱ्याला 1870 च्या दशकात खाण निघाली, तिच्या कोळशासाठी वर्ध्याहून रेल्वेचा फाटा आला, 1906 साली ती बंद पडली. वरोरा म्हटलं की आपल्याला आनंदवन आठवतं, आणि ते योग्यच आहे. पण त्या खाणीत उतरलेल्या एकाही माणसाचा शब्द मी ऐकलेला नाही. सावनेरला 2016 मध्ये वेकोलि (वेस्टर्न कोलफील्ड्स) ही सरकारी कोळसा कंपनी आणि एमटीडीसी हे राज्याचं पर्यटन महामंडळ यांनी खाण पर्यटन सुरू केलं, ही चांगली गोष्ट झाली. तिथं निवृत्त सरदारांना, कोळसा भरणाऱ्या लोडरना बोलतं करावं, असं मला मनापासून वाटतं.

परत आल्यावर मी बल्लारपूरला गेले. बाबांच्या बरोबरचे एक काका अजून आहेत, नव्वदीच्या आसपास. कानानं कमी ऐकू येतं. मी वाटाड्याचे प्रश्न कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून नेले होते. त्यांनी चष्मा लावला, कागद वाचला, आणि सुनेला कॅलेंडर काढून आणायला सांगितलं. त्याच्या पाठीवर पेन्सिलीनं चौकोन काढायला लागले, हे खांब, ह्या गल्ल्या. "छत रेतीच्या दगडाचं," म्हणाले. "सीम एवढी मोठी की हात पोचे ना. म्हणून तुह्या बापाची काठी लांब होती. बाकीच्यायची आखूड. ठोकलं अन् टणटण वाजलं त बरं. बद्द वाजलं का तो ओरडे, 'सरका!' आम्ही काही पाह्यत नव्हतो, सरकत होतो."

मग त्यांनी एका चौकोनाच्या कोपऱ्यावर पेन्सिल टेकवली. "इथं सरकलो होतो. मी अन् आणखी चौघं."

तो कॅलेंडरचा कागद मी आज बरोबर आणला आहे. व्याख्यानानंतर ज्यांना पाहायचा असेल त्यांनी टेबलापाशी यावं. पेन्सिल पुसट आहे, जरा उजेडात धरावा लागतो.